चिटणिसानं उघडलेलं एकच दार

नदी समुद्राला मिळते तिथल्या काळ्या खडकावर फोर्ट हॅलोवे नावाचा किल्ला होता. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसले होते, त्या सालातली ही पहाट. धुकं असं दाट की पहारेकऱ्यानं पाइप पेटवण्यापुरती बंदूक धुक्याला टेकवून ठेवली, तरी ती पडली नाही. त्या धुक्यातून गुडघ्याला फडकं बांधलेला कोर्टाचा म्हातारा बेलीफ, एमॉस ग्रब, सलग सातव्या दिवशी दिंडी दरवाजापुढं येऊन उभा राहिला. हातात लाखेची मोहर केलेला एकच कागद.

कागद न्यायाधीश थॅडियस ऑर्ड यांचा. वय एक्याऐंशी, आणि देह इतका हलका की ते आसनावर बसले की शिपाई आधी खिडक्या लावून घेत. कागदात एवढंच होतं: जोनास व्हीटली नावाच्या नावाड्याला तुम्ही कोंडलंय, त्याला देहानिशी माझ्यापुढं उभा करा आणि कोणत्या कारणानं धरलाय ते लेखी द्या. पण असा कागद ज्याच्या ताब्यात कैदी आहे त्याच्या हातात पडावा लागतो, आणि किल्लेदार कर्नल हायरम ब्लेकली ही मेख पक्की जाणून होते. त्यांच्या मिशा एवढ्या रुंद की दारातून आत येताना ते अंग तिरकं करत, पण बेलीफाचं नाव काढलं की आख्खा माणूस पडद्यामागं मावायचा. साहेब भेटत नाहीत, असं सांगून पहारेकरी सहा दिवस म्हाताऱ्याला परत पाठवत होता.

आत कचेरीत किल्ल्याचा चिटणीस, लेफ्टनंट सायलस पेंड्री, ते ऐकत बसायचा. हे सगळं त्याच्यामुळं झालं होतं. तीन महिन्यांपूर्वी तो व्हीटलीच्या घरी जेवला होता. सफरचंदाचं गोड पक्वान्न तीनदा मागून घेतलं होतं. जोनास हसत म्हणाला होता की दोन्हीकडच्यांची डोकी फिरलीत, नदीला विचाराल तर ती दोन्ही फौजा बुडवून मोकळी होईल. सायलसनं परत येऊन कर्नलसाहेबांपुढं आपली हुशारी दाखवायला लिहून दिलं: हा नावाडी सरकारी फौज बुडवायची भाषा करतो. साहेबांनी पाठ थोपटली, आणि दुसऱ्या दिवशी जोनासला घरातून उचलून आणलं. ना आरोप, ना चौकशी. तेव्हापासून सायलसच्या घशाखाली गोड म्हणून काही उतरत नव्हतं.

आणि आज भरतीबरोबर जहाज निघणार होतं. बारा कैदी दूरच्या बेटावरच्या किल्ल्यात जायचे होते, जिथं ऑर्डसाहेबांचा कागद पोचत नव्हता आणि गेलेल्यांपैकी फारसं कुणी परतत नव्हतं.

कर्नलसाहेब जहाज बघायला होडीत बसले आणि रिवाजाप्रमाणं चाव्यांचा जुडगा चिटणिसाच्या हाती दिला. त्या किल्ल्याचा कायदाच असा की किल्लेदार तटाबाहेर असेल तोवर ज्याच्या कमरेला चाव्या, तो किल्लेदार. साहेबांनी तो कायदा शंभरदा पाळला होता, पण मग कैदीही त्याच्याच ताब्यात, हे त्यातलं पुढचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सायलसच्या आलं. तो उठला, चाव्या कमरेला अडकवल्या आणि दिंडीतून बाहेर आला.

"मिस्टर ग्रब, या क्षणी किल्ला माझ्या ताब्यात आहे. काय आणलंय?"

ग्रबनं त्याच्याकडं बघितलं. "पोरा, घेतलास तर नोकरी जाईल. कदाचित मानही."

"द्या."

कागद हातात पडला. सायलसनं जोनासची कोठडी उघडली, त्याला बाहेर घेतलं आणि लाकडी पुलावरून चालतच कोर्टात नेलं. शेजारच्या कोठड्यांतून अकरा जण गजाला तोंड लावून बघत होते. चाव्या सगळ्यांच्याच त्याच्याकडं होत्या. कागदावर एकच नाव होतं, असं तो पुढं लोकांना सांगायचा. खरं म्हणजे तो घाबरला होता.

कोर्टात ऑर्डसाहेबांनी कारण विचारलं. सायलसनं शपथ घेऊन, जोनासच्या देखत, जेवणापासून पाठ थोपटण्यापर्यंत सगळं सांगितलं. जोनास नुसता त्याच्याकडं बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं सायलसला वाटलं.

तेवढ्यात कर्नलसाहेब चाळीस शिपाई घेऊन आले, अंग तिरकं करून आत शिरले आणि म्हणाले, "न्यायमूर्ती, लढाई चालू आहे. कैदी माझा आहे. मला थेट राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आहे."

"असेल," ऑर्डसाहेब म्हणाले. "राज्यघटनेनं राष्ट्राध्यक्षांना फौज दिली, आरमार दिलं, तोफा दिल्या. कारण न सांगता माणूस कोंडायची मुभा मला तिच्यात दिसली नाही. बंडाळीत कारण विचारायचा हा हक्क थांबवता येतो, पण तो लोकांनी निवडलेल्या सभेनं थांबवायचा, एकट्यानं नाही. माझी नजर आता कमजोर झालीय. तुम्हाला दिसलं असेल तर बोट ठेवून दाखवा."

साहेबांचं बोट मिशीवरच राहिलं.

"तुमच्याकडं चाळीस बंदुका आहेत. माझ्याकडं एक बेलीफ आहे आणि त्याचा गुडघा दुखतो. तेव्हा मी अडवत नाही, न्या त्याला. फक्त का नेताय ते इथं लिहा आणि खाली स्वतःचं नाव घाला."

त्यांनी दौत पुढं सरकवली. कर्नलसाहेबांनी टाक उचलला. लिहिण्याजोगं एकच कारण होतं, आणि ते खोटं असल्याचं त्यांच्याच चिटणिसानं भर कोर्टात शपथेवर सांगून टाकलं होतं. टाकाची शाई वाळली. पुन्हा बुडवली, पुन्हा वाळली. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते दारातून सरळ बाहेर गेले, मिशा अशा खाली उतरल्या होत्या.

जोनास मोकळा झाला. कोर्टात येऊन बसलेल्या बायकोचा हात धरून बाहेर पडला, मागं वळून न बघता.

पण बंदरावर भरती आली होती आणि जहाज अकरा जणांना घेऊन सुटलं होतं. त्यातली तिघं सायलसनंच असं वाढवून लिहून दिलेल्या कागदांवर धरलेली होती.

सायलसला फौजेतून काढलं. लढाई संपेपर्यंत तो त्या तिघांसाठी अर्ज लिहीत राहिला. दोघं परत आले. लूक डॉर्न नावाचा तिसरा बेटावरच तापानं गेला.

सायलस लूकच्या आईकडं गेला. ती डोंगरापायथ्याच्या खेड्यात एकटी राहायची. हा फोर्ट हॅलोवेत चिटणीस होता एवढंच तिला कळलं, म्हणून तिनं खुर्ची दिली, दूध दिलं आणि म्हणाली, "बाबा, तू लिहिणारा आहेस. माझ्यासाठी सरकारला एक पत्र लिही. माझ्या लूकविरुद्ध कुणी सांगितलं, एवढंच विचार."

त्यानं टेबलाशी बसून पत्र लिहिलं. खूप वेळ लागला.

"काय लिहिलंस ते वाच," ती म्हणाली. "मला अक्षर येत नाही."

खिडकीबाहेर तिची कोंबडी ओरडत होती. सायलसनं पत्र हातात धरलं आणि मोठ्यानं वाचलं: लूकविरुद्ध कुणी सांगितलं, काय सांगितलं, ते कसं खोटं होतं, आणि शेवटी ते सांगणाऱ्याचं नाव. एकही शब्द गाळला नाही.