मेल्यावर गाणारा माणूस

"हिरो मेला, जहूरभाई, आणि परत पियानोवर बसून गायला!" होडीतून दुबईची खाडी ओलांडताना हनीफ कुरकुरत होता. काल संध्याकाळी थिएटरात पाहिलेलं इंग्रजी चित्र कुणा अमेरिकन गीतकाराच्या आयुष्यावरचं होतं. "मधे मला डुलकी लागली असणार."

"तुझी डुलकी काय नवीन आहे?" जहूर म्हणाला. गावात काही हरवलं की लोक जहूरला बोलावत. हनीफ न बोलावता जाई.

पलीकडच्या काठावर, आपल्या घरी हाफिजाभाभी रडून रडून थकून बसली होती. तिचा नवरा यूनुस गाणी रचायचा. गेल्या साली वारला. काल संध्याकाळी ती शेजारी कुबराकडे मौलूदला, पैगंबरांच्या जन्माची गाणी म्हणायला गेली आणि इकडे ट्रंकेतून त्याची गाण्यांची वही नाहीशी झाली.

"किल्लीची जागा त्याच्या दोन साथीदारांनाच ठाऊक," ती म्हणाली. "दोघं आज दुपारच्या बोटीने मुंबईला रेकॉर्ड काढायला चाललेत. गाण्यांवर नाव दुसऱ्याचं लागलं, तर माझ्या यूनुसचं उरलं काय?"

जहूरने दोघांना बोलावलं. दोघांचं उत्तर एकच: काल संध्याकाळी सिनेमात होतो.

"इंग्रजी कुणाला कळतंय?" पेटीवाला अन्वर म्हणाला. "शेवटचं गाणं झकास. तेच गुणगुणत घरी आलो, खलास."

चित्र पाहिलं म्हणतो आणि गोष्ट सांगता येत नाही! हनीफने मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

तबलजी मुश्ताक मात्र जाहिरातीच्या कागदाने वारा घेत घडाघडा बोलला. "शेवटी हिरो गातो, मग बायकोच्या मांडीवर जीव सोडतो. वल्ला, खुदाची कसम, मी रडतच बाहेर पडलो!"

जहूरने तो कागद मागून घेतला. त्यावर हिंदुस्तानीत चित्राची सगळी गोष्ट छापली होती.

"मुश्ताक, वही काढ."

"मी तर सगळं बरोबर सांगितलं!"

"तिथेच फसलास. काल शेवटची दोन रिळं उलटी लागली. हिरो आधी मेला, मग गायला. पाहणारे गुणगुणत बाहेर पडले. रडला तो फक्त कागद वाचणारा. हनीफ, तू चक्क जागा होतास."

तबल्याच्या गवसणीत वही सापडली. पहिल्या पानावरचं यूनुसचं नाव ब्लेडने खरवडलं होतं. जहूरने खिशातलं पेन काढून ते पुन्हा लिहिलं, ठळक.

भाभीने वही छातीशी धरली. "हनीफभाई, तो माणूस मेल्यावर खरंच गायला?"

"गायला, भाभी. चांगली दहा मिनिटं."

तिने डोळे पुसले आणि वही अन्वरच्या हातात दिली.

"मग यल्ला, नीघ. बोट चुकेल."