काळ्या चौकटीतली बाई

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा. पण हे माझ्या मामेबहिणीच्या घरात घडलंय, आणि आमची मृणाली काही थापा मारणारी नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट. रत्नागिरी, मांडवी. दुपारचे दोन.

मृणालीचा नवरा सलिल आंब्याच्या बागांवर ड्रोन उडवतो आणि ती घरी बसून फोटो जोडते. जोडलेला फोटो इतका अगडबंब होतो की एका दमात उघडत नाही. म्हणून चौकोनी चौकटी पाडून त्याची फाइल लिहायची. एक आयता प्रोग्रॅम फोटो वाचतो, दुसरा चौकटी लिहितो. पण दोघांचा रंगांचा क्रम उलटा. एकाला आधी लाल लागतो, दुसऱ्याला आधी निळा. मध्ये अदलाबदल करायची विसरलात की झालाच घोळ.

त्या दिवशी मृणाली विसरली.

फाइल उघडली तर अंजनवेलच्या बागेचा अख्खा तांबडा कातळ निळाशार! स्वतःलाच शिव्या घालत ती कडेपर्यंत गेली. फोटो चौकटींत नेमका कधीच बसत नाही. कडेला जागा उरते, ती काळी राहते. तिथे फोटोच नसतो.

त्या काळ्यात...

एक बाई उभी होती. लाल लुगड्यातली.

ड्रोनच्या फोटोत माणसाचं वरून फक्त डोकं दिसतं. हिचा चेहरा दिसत होता.

ती वर बघत होती.

तिच्यापासून तिसऱ्या चौकटीत सलिल उभा होता, हातात रिमोट घेऊन.

मृणालीने रंग नीट केले, फाइल पुन्हा लिहिली. कातळ तांबडा झाला. उलट्या रंगांत लाल दिसलेलं लुगडं आता निळं दिसायला हवं होतं.

ते लालच होतं...

आणि आता मध्ये एकच चौकट होती.

तिने मूळ फोटो उघडला. त्यात बाईचा मागमूस नाही. मग खात्री करायला, मूर्खासारखी, तिने तिसऱ्यांदा फाइल लिहिली.

बाई सलिलच्या लगतच्या चौकटीत.

सलिल अजून बागेतच होता, पहिल्या फेरीचे फोटो तिला पाठवून दुसऱ्या फेरीसाठी बॅटरी बदलत होता. तिने फोन लावला. आसपास कोणी आहे का, म्हणून विचारलं.

"चिटपाखरू नाही गं. का?"

"काम तसंच टाक आणि घरी ये. तुला माझी शपथ आहे."

बायकोची थट्टा करत का होईना, तो निघाला. संध्याकाळी धडधाकट घरी आला, चहा प्यायला. चौथ्यांदा फाइल लिहायची मृणालीची छाती झाली नाही. सर्व्हेचं काम खेडच्या एका ऑफिसचं होतं. तिथल्या देवदत्तने तगादा लावला, तेव्हा तिने तिसरी फाइल होती तशी पाठवून दिली.

आज सकाळी सलिल अर्धवट राहिलेली फेरी पुरी करायला पुन्हा त्याच बागेत गेला. नको म्हणून ती रडली, पण ऐकतो कोण!

दहा वाजता देवदत्तचा फोन आला. फाइल त्यांच्या कॉम्प्युटरला जड जात होती.

"म्हणून मीच चौकटी लहान करून पुन्हा लिहून घेतली, वहिनी. आता मस्त उघडते."

मृणालीने विचारलं, त्यात लाल लुगड्यातली बाई कुठे आहे?

तो बराच वेळ शोधत राहिला.

"बाई कुठे दिसत नाही. सलिलदादा होते ना इथे, रिमोट घेऊन?"

"हो."

"तेही नाहीत..."

तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसून आहे. आता दीड वाजलाय. माझा नवरा गाडी घेऊन तिकडे निघालाय, पण तो अजून फेरीबोटीच्या रांगेतच आहे. मृणाली दर पाच मिनिटांनी फोन लावते. रिंग पूर्ण वाजते. सलिल उचलत नाही.

हे वाचणारं कोणी अंजनवेलच्या आसपास असेल, तर कृपा करून कातळावरच्या बागेत जाऊन बघा.

एकटे मात्र जाऊ नका.