कोपऱ्यांपर्यंत पुसलेला फळा

दशरथ गुरुजी जान्हवीच्या घाटकोपरच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात शिरले तेच तणतणत. त्यांच्या सोसायटीत जिन्याखाली त्यांचा फळा होता. रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, एक वाक्य. कालचा शब्द ‘डिफर’. आज सकाळी फिरून आले, तर फळा कोरा.

वाक्य काय होतं, जान्हवीने विचारलं. मी आणि माझी पत्नी पुनर्विकासाबाबत कमिटीशी डिफर करतो, असं.

"संध्याकाळी सेक्रेटरी राजेशविरुद्ध पोलिसात तक्रार देणार. त्याआधी पुरावा हवा."

"वाट लागली," जान्हवीचा सहायक नितेश पुटपुटला. "आता फळे पुसणारे पकडायचे."

गुरुजींच्या इमारतीसमोर सकाळीच गटारासाठी खणलं होतं. नितेशचा पाय चिखलात गेला. भाजीची गाडीही आज लांब, गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होती.

फळा लख्ख होता. ओल्या फडक्याने पार कोपऱ्यांपर्यंत पुसलेला. शेजारच्या डस्टरला कुणी हातही लावला नव्हता.

राजेश वैतागलेलाच होता. कालच त्याने फळ्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.

"नव्या इमारतीतली लिफ्ट कोणामुळे अडलीय ते वाचू दे ना लोकांना. मी कशाला पुसू?"

गुरुजींचा विद्यार्थी सुयोग घुश्शात होता. ‘डिफर’चा अर्थ त्याने ‘भांडणे’ सांगितला, म्हणून काल गुरुजींनी सगळ्यांदेखत झापलं होतं: मत वेगळं असणं म्हणजे भांडण नव्हे, गाढवा. पण नोकरीचा इंटरव्ह्यू तोंडावर, इंग्रजी शब्द हवे होते. सकाळी तो वाक्य उतरवायला आला, तर फळा साफ.

"हाच," नितेश कुजबुजला. जान्हवी तिसऱ्या मजल्यावर निघाली.

गुरुजींच्या पत्नी सुगंधाकाकू मेथी निवडत होत्या. जुड्यांची माती अजून ओली होती. गुडघ्यांमुळे गणपतीपासून जिना उतरले नाही, त्या म्हणाल्या. भाजी खिडकीतून, दोरीला पिशवी बांधून घेते. आजही तशीच घेतली.

जान्हवीने गुरुजींकडे पाहिलं. "की तुम्ही आणलीत?"

"मी? मला मेथी-शेपूतला फरक कळत नाही."

जान्हवी खुर्चीत टेकली. "तक्रार देऊ नका, गुरुजी. राजेशला ते वाक्य सगळ्यांना दाखवायचं होतं आणि सुयोगला उतरवून घ्यायचं. शिवाय रागाने पुसणारा फराटे मारून पळतो, कोपरे पुसत बसत नाही. हा घर पुसणारा हात आहे."

"म्हणजे?"

"भाजीची गाडी आज खिडकीखाली आलीच नाही. दोरी कोपऱ्यापर्यंत पोचणार कशी? तरी घरात ताजी मेथी आहे, आणि ती तुम्ही आणलेली नाही. काकू, तीन मजले उतरलात तुम्ही."

काकूंचे हात थांबले.

"फोटो माझ्याही फोनवर आला. ‘मी आणि माझी पत्नी’ म्हणे," त्या म्हणाल्या. "फळा पुसायलाच उतरले. परत वर यायला अर्धा तास लागला, प्रत्येक वळणावर बसत. लिफ्ट हवीय मला. तुम्ही माका कधी इचारलात?"

"अगं, पण सांगायचंस ना."

"सांगितलं की म्हणता, भांडू नको."

गुरुजींनी तक्रारीचा कागद चार घड्या करून खिशात कोंबला.

"राजेशला वर बोलवा," ते म्हणाले. "माझ्याशी नको. हिच्याशी बोलू दे."