छत्तीस इंचांचा ओटा

नूतनची आणि धीरजची ओळख शिंकांनी झाली. नंदुरबारच्या मिरची पथारीला, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानाला, लागूनच त्याचा प्लॉट. लोणखेड्याची ही नवी आर्किटेक्ट टेप घेऊन रिक्षातून उतरली आणि त्या लाल वाऱ्यात सलग सात वेळा शिंकली.

"मॅडम, घर बांधनं शे, पाडनं नही," रुमाल पुढे करत तो म्हणाला.

"आधी तुमची मिरची आवरा."

"मिरचीवरच तं घर उभं ऱ्हाई ऱ्हायनं... नाक तुम्हीच आवरा."

तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. हिवाळाभर ती दर मंगळवारी येत राहिली. मॅडमची 'तू' कधी झाली, दोघांनाही कळलं नाही. खिडकी कुठे, जिना कुठे, काहीही विचारलं की तो उलट तिलाच विचारी, "तुले काय आवडस?" तिला वाटे, काय गुणी क्लायंट मिळालाय!

एका दुपारी स्वयंपाकघराच्या उघड्या विटांपाशी त्याने खडू उचलला. "उभी ऱ्हाय. पोयी लाटी दाखाड."

ती हसत हसत हवेत पोळी लाटू लागली. त्याने तिच्या हातांखाली भिंतीवर रेघ ओढली, टेप लावला. छत्तीस इंच.

"अरे, तुझ्या आईला उंच पडेल हा ओटा."

"मायकरता नही शे."

"मग कोणासाठी?"

तो रेघेकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. ओठ हलले – आणि तिचा फोन वाजला. नाशिकचं मोठं ऑफिस. 'एकच मिनिट' म्हणून बाहेर गेलेली नूतन वीस मिनिटांनी आली, ती नोकरी घेऊनच. तोवर धीरजने हातावरचा खडू झटकून टाकला होता.

"अभिनंदन, मॅडम."

मॅडम? तिला खटकलं. पण आनंदच एवढा होता की खटकलेलं तिथेच राहिलं. ड्रॉइंगवर छत्तीस लिहून ती निघून गेली.

नाशिकला ती पुष्कळ शिकली. क्लायंट बोलता बोलता गप्प झाला की घाई करायची नाही, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. पेन थांबलं, एवढंच. कामं काय थोडी होती?

तीन वर्षांनी धीरजचा फोन आला. ओटा खाली घ्यायचा होता.

दार त्याच्या बायकोने उघडलं. रविना... नूतनच्या खांद्याएवढी, हसरी.

"ताई, पाटवर उभी ऱ्हाईसन पोया करस मी. खांदा दुखतस. कोनं माप लिधं व्हतं?"

धीरज दाराशी, मान खाली.

"कोणाचंच नाही गं," नूतन म्हणाली. "माझी चूक. तेव्हा नवी होते मी."

तिने रविनाला उभं केलं, माप घेतलं. एकतीस.

धीरज फाटकापर्यंत सोडायला आला. "चूक तुन्ही नव्हती. मीच इचारं नही."

"विचारलं असतंस तर हो म्हणाले असते."

तो हळूच म्हणाला, "तू आते कसाले सांगं?"

"तुझ्या बायकोशी आत्ताच खोटं बोलून आलेय," टेप पर्समध्ये टाकत ती म्हणाली. "एका दिवसात दोनदा नाही जमत मला."