लांडग्यांची टोळी आणि निळा डबा

"डबा नाहीये!" पलंगाखालून तनयचा आवाज आला.

"नीट बघ! भिंतीकडे सरकला असेल."

"नीटच बघतोय! इथे नुसती धूळ आहे!"

मुक्ता स्वतःच जमिनीवर पालथी पडली. एक मोजा होता, एक तुटकी पट्टी होती, पण बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा कुठेच नव्हता. 

त्या डब्यात आईचे पत्ते होते.

आई फेब्रुवारीत गेली. त्याआधी कितीतरी महिने ती जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या हॉस्पिटलात होती, आणि तिच्या पलंगावर मांडी ठोकून नऊ वर्षांचा तनय तिच्याशी 'बुर्ग' खेळायचा. बुर्ग म्हणजे किल्ला. २००६ सालच्या त्या दिवसांत शाळेतली निम्मी पोरं या खेळाने झपाटली होती. पत्ते जमवायचे, त्यांतले निवडून आपला डेक बांधायचा आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. आईने हा खेळ पोराच्या हट्टाखातर शिकून घेतला आणि मग पोरालाच धूळ चारायला लागली! आता आई नव्हती, पण तनय रोज संध्याकाळी डबा उघडून पत्ते बघत बसायचा. खेळायचा नाही. नुसता बघायचा.

"बाबा!" मुक्ता बैठकीच्या खोलीत धावली. बाबांनी व्हॅक्यूम क्लीनर चालू ठेवला होता. "बाबा, आमच्या पलंगाखालचा निळा डबा पाहिलास?"

"काल श्पेरम्यूल होतं ना," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "बरंच जुनं सामान काढलं. त्यात गेला असेल. जाऊ दे ते."

आणि त्यांनी व्हॅक्यूमचा आवाज आणखी वाढवला.

श्पेरम्यूल म्हणजे घरातलं अडगळीचं सामान. ठरलेल्या दिवशी ते फुटपाथवर रचून ठेवायचं, मग नगरपालिकेची गाडी येऊन घेऊन जाते. गाडी यायच्या आधी येणारेजाणारे त्यातलं आवडेल ते उचलतात आणि कोणी त्यांना हटकत नाही. यंदा वर्ष पुरं झालेलं नसल्यामुळे घरात दिवाळी नव्हती. कंदील नाही, फराळ नाही. पण आई दरवर्षी दिवाळीआधी घर धुऊनपुसून काढायची, म्हणून बाबाही शरदाच्या सुट्टीत सगळं घर उपसत सुटले होते. मोटारींच्या कारखान्यातला हा शिस्तीचा इंजिनियर नको ते सामान बाहेर ठेवता ठेवता हवं ते सामानही ठेवून आला होता!

तनय दारात उभा होता. तो रडला असता तर मुक्ताला बरं वाटलं असतं. तो नुसता पांढराफटक पडला होता.

"बूट घाल," मुक्ता म्हणाली. "आपण शोधायला जातोय."

*

समोरच्या इमारतीत ईप्सिता राहायची. मुक्ताच्याच वर्गातली. सर्दीखोकला झाल्यामुळे कालचा अख्खा दिवस तिने खिडकीत काढला होता.

"निळा डबा?" ती खोकत म्हणाली. "आल्झो, म्हणजे असं बघ, आधी एक म्हातारी येऊन खुर्ची घेऊन गेली. मग एक हिरवी व्हॅन थांबली. मोठ्ठा दाढीवाला माणूस उतरला. त्याने तुमचा पिवळा दिवा उचलला आणि अजून काहीतरी काखेत मारलं. व्हॅनच्या मागे किल्ल्याचं चित्र होतं बघ."

"क्रूझे!" तनय ओरडला. डबा गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "पत्त्यांच्या दुकानवाला क्रूझे!"

"पण ही तर सोपी गोष्ट झाली!" मुक्ता म्हणाली. "जायचं, सांगायचं आणि डबा आणायचा."

"माझ्या आईला नेऊ या का बरोबर?" ईप्सिताने विचारलं. तिची आई, विभावरीकाकू, एकदा बोलायला लागली की भलेभले जर्मन पाठ फिरवून पळत.

"नको!" मुक्ता पटकन म्हणाली. काकूंना सांगायचं म्हणजे बाबांनी आईच्या वस्तू रस्त्यावर टाकल्या हे सगळ्या मराठी मंडळींना कळणार. लोक बाबांकडे आधीच कीव आल्यासारखे बघत होते. त्यात ही भर तिला नको होती.

*

दुकानात पाऊल टाकताच डबा दिसला. काचेच्या कपाटात, अगदी मधोमध! झाकण उघडं होतं आणि सगळ्यात वर आईचा 'महापूर' हा पत्ता ठेवलेला होता. त्याच्या कोपऱ्यावर लालसर डाग होता.

तो डाग मुक्ताने दुरूनच ओळखला. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला आई दोन उपचारांच्या मधे घरी आली होती. तिने पाटावर बाबांचा लॅपटॉप, मोटारीची किल्ली, मुक्ताची कंपासपेटी मांडली आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. शेवटी तिने पत्त्यांचा डबा मागून घेतला. "शस्त्रांची पूजा ना आज? मग आमची शस्त्रं कशी विसरता?" असं म्हणून तिने वरच्याच पत्त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

"हा डबा आमचा आहे," मुक्ता म्हणाली.

क्रूझेंनी काउंटरवरून मान वर केली. "तुमचा? हा तर मी ब्राउनश्वाइगच्या एका संग्राहकाकडून घेतला."

"मग त्या पत्त्यावरचा डाग कसला आहे?"

"केचप असेल."

"ते कुंकू आहे. माझ्या आईने लावलंय! आणि हा दिवासुद्धा त्याच संग्राहकाचा का?" काउंटरवर पिवळा दिवा जळत होता. त्याच्या फाटक्या शेडला आईने निळ्या दोऱ्याने घातलेले टाके स्वच्छ दिसत होते.

दुकानातली पोरं खेळ थांबवून बघायला लागली. क्रूझेंची दाढी जरा हलली. मग ते खुर्चीत आरामात रेलले.

"बरं, तुमच्या फुटपाथवर मिळाला. पण रस्त्यावर ठेवलेलं उचलणाऱ्याचं होतं, पोरी. बाहेर कोणी ठेवलं, ते घरी जाऊन तुझ्या बापाला विचार."

मुक्ताचे कान तापले. ते खरं होतं आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. तनयने तिची बाही घट्ट धरली. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"तुम्ही दर शनिवारी कोणाशीही खेळता ना?" ती म्हणाली. "माझ्याशी खेळा. मी जिंकले तर डबा आमचा, सगळ्या पत्त्यांसकट!"

क्रूझे खो खो हसले. वर्षभरात त्यांना एकाही पोराने हरवलं नव्हतं. "चालेल! पण हरलीस तर पुन्हा या डब्याचं नाव काढायचं नाही. मी तो शनिवारीच विकून टाकणार."

"सगळ्यांसमोर म्हणा."

"सगळ्यांसमोर म्हणतो!" क्रूझे हात पसरून म्हणाले. दहाबारा पोरं साक्षीला होती. 

*

"तू वेडी आहेस का?" ईप्सिता किंचाळली. "तो लांडगे खेळतो! लांडगे!"

बुर्गमध्ये प्रत्येकापुढे वीस दगडांचा किल्ला असतो. पत्ता मांडायला मशाली लागतात. पहिल्या फेरीत एक मशाल, दुसऱ्या फेरीत दोन, अशा त्या वाढत जातात. लांडग्याला एकच मशाल पुरते. म्हणून क्रूझे पहिल्या फेरीपासून लांडगे सोडत सुटायचे, आणि जितके लांडगे जास्त तितका प्रत्येकाचा चावा मोठा! समोरच्याचे बडे पत्ते हातातच राहायचे आणि किल्ला साफ व्हायचा.

वर्गातल्या योनासने आपले सगळे पत्ते दिले. "माझा एक महापूर पण घे," तो म्हणाला. "सहा मशाली लागतात, पण टेबलावरचं सगळं वाहून जातं. मी क्रूझेकडून सतरांदा हरलोय. त्याला हरव एकदाचा!"

ईप्सिता लांडगे घेऊन बसली आणि मुक्ता तिच्यासमोर. मुक्ता हरली. पत्ते बदलून पुन्हा हरली. लांडग्यांना लांडग्यांनीच उत्तर द्यावं म्हणून तसा डेक बांधला, तेव्हा तर आणखी लवकर हरली. शुक्रवार उजाडला तरी तेच रडगाणं! साळिंदरांनी लांडगे अडवावेत, जीव मुठीत धरून सहाव्या फेरीपर्यंत पोचावं, महापूर आणून टेबल धुऊन काढावं, आणि पुढच्याच फेरीत ईप्सिताने हातातले ताजे लांडगे सोडावेत.

"काही उपयोग नाही!" मुक्ताने पत्ते भिरकावले. "शनिवारी तो डबा जाणार आणि माझ्यामुळे जाणार!"

तनय कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. तो खाली बघत हळूच म्हणाला, "आई असं नाही करायची."

दोघींनी वळून त्याच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्याने तिचं नाव काढलं नव्हतं.

"मग कसं करायची?" मुक्ताने विचारलं.

"तू टेबलावरचे लांडगे बघतेस. आई माझ्या हाताकडे बघायची. माझ्या हातात पत्ते असले की ती महापूर काढायचीच नाही. मार खायची. मी म्हणायचो, आई, तुझा किल्ला पडतोय! ती म्हणायची, पडू दे रे, एक दगड उरला तरी किल्ला उभाच असतो. मग मी चेकाळून सगळे पत्ते मांडायचो. आणि मग..." त्याने पायाशी पडलेला एक पत्ता उचलला. "मग ती हसायची."

मुक्ताने पत्ते गोळा केले.  मग ती म्हणाली, "ईप्सिता, पुन्हा लांडगे घे."

*

शनिवारी दुकान खच्चून भरलं होतं. क्रूझेंनी पहिल्याच फेरीत लांडगा सोडला, दुसऱ्या फेरीत आणखी दोन. मुक्ताने एक साळिंदर आडवं घातलं. एक लांडगा त्याच्या काट्यांवर मेला, पण बाकीच्यांनी दगड खाल्ले. चौदा उरले. मग नऊ.

"घरी जायची तयारी कर!" क्रूझे म्हणाले. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

सहावी फेरी आली. मुक्ताकडे सहा मशाली होत्या आणि हातात महापूर. टेबलावर चार लांडगे दात विचकत होते. योनासने श्वास रोखला. पण तिने महापूर काढला नाही. ती क्रूझेंच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्यात अजून तीन पत्ते होते.

तिने एक किरकोळ साळिंदर मांडलं आणि फेरी सोडली.

"मुक्ता!" ईप्सिताच्या तोंडून निघून गेलं.

लांडगे तुटून पडले. चार दगड उरले.  आपण चुकलो असू तर? तनयला आणखी एकदा सगळं गमवावं लागेल, आणि या वेळी आपल्या हातून! तिने एक एक दगड हाताने सारखा केला आणि मान खाली घातली. ते नाटक होतं खरं, पण डोळ्यांतलं पाणी नाटकातलं नव्हतं.

क्रूझेंना ते पाणी दिसलं. सगळं दुकान आपल्याकडे बघतंय हेही दिसलं. मग त्यांचा हात कसला थांबतोय! "पुढच्या फेरीत खेळ खलास!" असं म्हणून त्यांनी हातातले सगळे लांडगे धाडधाड टेबलावर मांडले. नुसती टोळीच उभी राहिली. आणि त्यांचा डावा हात रिकामा झाला.

मुक्ताने महापूर टेबलावर ठेवला.

 क्रूझे पत्त्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या रिकाम्या हाताकडे. एक एक करून त्यांना सगळे लांडगे उचलावे लागले. आता दर फेरीला त्यांच्या हाती एकच पत्ता यायचा, एकच मरतुकडा लांडगा, आणि तो मुक्ताच्या नव्या साळिंदराच्या काट्यांवर जायचा. मुक्ताने तिचं डोंगरी कासव बाहेर काढलं. कासवाने सावकाश चालत जाऊन वीसच्या वीस दगड खाल्ले.

"हुर्रे!" योनास बाकावर चढून ओरडला.

क्रूझेंचा चेहरा काळवंडला. "तो डबा म्हणजे..." ते पुटपुटायला लागले.

"सगळ्यांसमोर म्हणाला होतात!" पोरांनी एका सुरात गिल्ला केला. क्रूझेंनी मुकाट्याने कपाट उघडलं. डबा देताना ते थोडे थांबले, मग काउंटरवरचा दिवाही त्यांनी पुढे सरकवला. "हाही घेऊन जा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "छान खेळलीस."

*

घरी विभावरीकाकू फराळाचा डबा घेऊन आल्या होत्या. ज्या घरी सण नसतो तिथे शेजारीपाजारी फराळ देतात, तसा. ईप्सिताने दारातूनच सगळी हकीकत ओरडून सांगितली. मुक्ता तिला खुणा करत राहिली, पण ईप्सिताला कुठलं भान!

"शाब्बास गं पोरी!" काकूंनी मुक्ताला जवळ घेतलं. "मी नुसती भांडले असते. तू जिंकून आणलंस!"

बाबा टेबलाशी बसले होते. त्यांनी निळ्या डब्यावरून हात फिरवला, पण उघडला नाही.

"मला माहीत होतं यात काय आहे," ते म्हणाले.

मुक्ताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"चुकून नाही गेला हा डबा. तनय रोज उघडून बसायचा, मला ते बघवायचं नाही. वाटलं, डोळ्यांआड झालं की तुमचं दुःख कमी होईल."

"नाही झालं," तनय म्हणाला.

"माझंही नाही झालं रे." बाबा म्हणाले. "मुक्ता, मी टाकून दिलं आणि तू त्यासाठी लढलीस. फार मोठी आहेस तू माझ्यापेक्षा. मला माफ करा दोघांनी." आणि इतके महिने कोरड्या डोळ्यांनी वावरणारे बाबा पोरांसमोर, काकूंसमोर, हमसून हमसून रडायला लागले.

 काकूंनी ईप्सिताचा हात धरला आणि त्या हळूच दार ओढून घेऊन निघून गेल्या.

तनयने डबा उघडला. त्याने आईचे पत्ते स्वतःपुढे घेतले, योनासचे बाबांपुढे ठेवले आणि दोन्हीकडे वीस-वीस दगड रचले. मग पहिली मशाल बाबांकडे सरकवून तो वाट बघत बसला.

"रडून झालं की सांग, बाबा," तो म्हणाला. "तुझी फेरी आहे."

बाबांनी बाहीने डोळे पुसले आणि पत्ता उचलला.