अकरा हजार किलोमीटरांवरची हाक

निर्मलाबाईंनी त्या सोमवारी पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. नागऱ्याच्या महादेवाला त्या बोलल्या होत्या, पोरगा पोचेपर्यंत यांना थांबव, तोवर माझाही घसा कोरडा. आमगावच्या घरात त्यांचे यजमान भैय्यालालजी तीन दिवसांपासून मरणाच्या वाटेवर, दाराकडे डोळे लावून पडले होते. मुलाच्या हातचं पाणी तेवढं राहिलं होतं. आणि मुलगा, हेमेंद्र, सकाळीच टोरांटोहून विमानात बसला होता.

लेक रेणू मोबाईलवर ते विमान बघत होती.

"साडेअकरा हजार किलोमीटर, माय. दिल्लीलेच चौदा घंटे. मंग नागपूर, मंग गाडी. उद्या दुपार होते."

"आता कुठी आहे?"

"समुद्रावर. तू घडोघडी विचारून राहिली, त्यानं का विमान जोरात पळते?"

निर्मलाबाई थकल्या थकल्या हसल्या.

उन्हं कलली तसा भैय्यालालजींचा श्वास अडखळू लागला. रेणू नेटवर्कसाठी परसात गेली होती. नणंद शामकला शेजाऱ्यांना बोलवायला उठली. निर्मलाबाईंना उंबऱ्याशी जाऊन उभं राहिलेलं पाहून ती थबकली.

"वहिनी, हाक नोको देजो. माणूस वाटेत असला का उंबऱ्यावरून त्याचं नाव घेऊ नाही. त्याच्या आधी... दुसरंच कोणी ओ देते."

हे निर्मलाबाईंना ठाऊक नव्हतं थोडंच? लेकीला त्यांनीच शिकवलं होतं. पण शामकला गेली, आणि मागून येणाऱ्या नवऱ्याच्या श्वासांमधलं अंतर फार लांबलं.

"हेमेंद्र..." त्यांनी हळूच हाक मारली. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

"ओ, माय."

तो गल्लीतून आला. हाती सामान नव्हतं. अंगाला तळ्याच्या तळाच्या गाळासारखा वास होता. कसा आलास, हे विचारायचं त्राण निर्मलाबाईंत नव्हतं. देवानं ऐकलं एवढंच त्यांना कळलं. त्यानं वाटी घेतली, तुळशीच्या पानानं बापाच्या ओठांवर पाणी सोडलं. भैय्यालालजींचा घोट उतरला. डोळे मिटले.

मग त्यानं वाटी आईपुढे धरली.

"घे, माय. थकली तू."

त्या प्यायल्या. पाणी बर्फासारखं गार होतं.

"माय," परसातून रेणू ओरडली, "दिल्लीले अजून सहा घंटे आहेत!"

निर्मलाबाईंनी वळून पाहिलं. खोलीत फक्त त्या होत्या, आणि निपचित भैय्यालालजी. गेलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दाराशी थांबली. हेमेंद्र उतरला, रडत धावत आला आणि उंबऱ्याशीच थिजला.

"ये ना, बाबू," निर्मलाबाई म्हणाल्या. "तुह्यासाठीच थांबवलं तुह्या बापाले, नेलं नाही अजून."

"माय... तुह्या बाजूले कोण बसून राहिला?"

"कोणी नाही, बाबा."

"आहे. माह्यासारखाच दिसते. मान हलवून मले नाही म्हणून राहिला... आत येऊ नोको म्हणते."

निर्मलाबाईंनी सावकाश बाजूला पाहिलं. तिथं नुसती गोधडी अंथरलेली होती. मधोमध दबलेली. त्या बघत असतानाच ती खळगी थोडी त्यांच्याकडे सरकली.