डोळे मिटून ऐका

मंजुश्री मॅडम मुखेडला मुलींच्या शाळेत दहावीला मराठी शिकवायच्या. साहित्यप्रकारांची लक्षणं मुली घडाघडा पाठ म्हणतात आणि उतारा समोर आला की गडबडतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून उजळणीच्या दिवसांत त्यांनी दुपारच्या तासाला एक खेळ लावला. एकीनं उठून काहीतरी सांगायचं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि प्रकार ओळखायचा.

"नुसत्या शब्दांवर जाऊ नका," त्या म्हणायच्या. "सांगणारी कुठं उभी आहे ते ऐका. लोककथेत ती लांब असते. प्रवासवर्णनात वाटेवर असते. आठवणीत ती तिथं राहून आलेली असते."

पहिल्या दिवशी शिवकन्या उठली. पत्रे तापले होते, खिडकीबाहेर लिंबाच्या सावलीत शेळ्या पेंगत होत्या. मॅडमनीही डोळे मिटले.

"फार जुन्या काळी माळावर एकच घर होतं," शिवकन्या सांगू लागली. "दार निळं. अंगण रोज सारवलेलं, पण सारवणारी कुणाला दिसायची न्हाई. जी आत गेली, ती बाहेर आलेली कुणी पाहिली न्हाई."

"लोककथा!" वर्ग म्हणाला. बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी नाजिया उठली. तिच्या अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं, आणि बोलताना तिचे हातही किणकिणायचे. "लोह्याच्या एसटीत खिडकीपाशी बसले होते. ज्वारी काढणीला आलेली. एका वळणावर बाभळी संपल्या अन् माळावर निळं दार दिसलं. उघडंच होतं. आत कुणीतरी चूल पेटवून राहिलं होतं. धूर माझ्या तोंडावर आला."

"प्रवासवर्णन!"

पोरीनं कालचाच धागा उचलला, हुशार आहे, असं मॅडमना वाटलं. धुराचा वास मात्र तास संपेपर्यंत त्यांच्या नाकातून जाईना.

तिसऱ्या दिवशी सुकन्या. ती हळू बोलायची, झोपेतून बोलल्यासारखी. "तिथली फरशी लई गार असायची. मी गाल टेकवून पडून राहायचे. आतल्या खोलीतून आई हाक मारायची. पण ती माझी आई नव्हती."

"आठवण," सगळ्या म्हणाल्या.

तास सुटल्यावर मॅडमनी तिघींना व्हरांड्यात थांबवलं. "ठरवून एकाच घराचं सांगता का गं?"

तिघी एकमेकींकडं बघू लागल्या.

"कोणतं घर, मॅडम?" शिवकन्या म्हणाली. "मी तर कोल्ह्याची गोष्ट सांगितली."

नाजियानं कंधारच्या उरुसाला गेल्याचं सांगितलं होतं. सुकन्यानं आजीसोबत शेवया केल्याचं. मॅडमनी इतर मुलींनाही विचारलं. त्यांनीही कोल्हा, उरूस अन् शेवयाच ऐकल्या होत्या; घर कुणीच ऐकलं नव्हतं.

घरी त्यांनी नवऱ्याला, संगमेश्वरला, सगळं सांगितलं. तो हसला नाही. "उन्हानं होतं असं," म्हणून त्यानं लिंबूपाणी करून दिलं. त्या जरा आडव्या झाल्या, तर उशी गालाला फरशीसारखी गार लागली. बरं वाटलं. तेच त्यांना आवडलं नाही.

रविवारी त्या लोह्याची एसटी धरून निघाल्या. ज्वारी, बाभळी, वळण, माळ. माळावर काहीच नव्हतं. येतानाही डोळ्यांत तेल घालून बघितलं. नुसतं वाळलेलं गवत. त्यांचा जीव इतका हलका झाला की मुखेडला उतरल्यावर त्यांनी मुलींसाठी द्राक्षं घेतली.

सोमवारी त्या म्हणाल्या, "आज मी सांगते."

मुलींनी डोळे मिटले. मॅडमनी एसटी सांगितली, खिडकी सांगितली, रिकामा माळ सांगितला. स्वतःचाच आवाज त्यांना आज फार गोड लागत होता. सांगता सांगता त्यांचेही डोळे जड झाले.

संपलं. एकीनंही डोळे उघडले नव्हते.

"ओळखा."

"आत्मचरित्र," नाजिया म्हणाली.

"कसं काय? मी तर प्रवासाचं सांगितलं."

"न्हाई मॅडम. तुम्ही तिथंच राहता म्हणलात की. सकाळी अंगण सारवता. मग दारात बसून वाटेकडं बघता."

"लई गोड सांगितलं, मॅडम," सुकन्या म्हणाली.

मॅडमनी टेबल घट्ट धरलं.

"मुलींनो, माझ्याकडं बघा. तसं घर नाही. असलं तरी तिकडं जायचं नाही. कुणीच नाही. दार उघडं दिसलं तरी नाही. कळलं?"

मुलींचे चेहरे उजळले. मागच्या बाकांवर आनंदाची कुजबुज सुरू झाली.

शिवकन्यानं हात वर केला.

"हाव मॅडम, सगळ्या येतो. डबा आणायचा का?"